माणसं पश्चिमेला, माती पूर्वेला

डोणगावाहून समुद्र कुठलाच जवळ नाही. सरळ रेषेत मोजला तरी मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि बंगालचा उपसागर त्याहूनही पुष्कळ लांब. माणूस व्यवहारी, म्हणून तो जवळचा समुद्र धरतो. संध्याकाळ झाली की मेहकरच्या रस्त्याला ट्रॅव्हल्स लागतात आणि बारावी झालेली, डी.एड. झालेली, काहीच न झालेली पोरं पुण्या-मुंबईकडे निघतात. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, त्यामुळे ती आणखी लवकर पोचतात आणि आणखी उशिरा परत येतात. माती मात्र लांबचा समुद्र धरते. इकडचे नाले पैनगंगेला शरण जातात. पैनगंगा चंद्रपूरकडे वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून आंध्राच्या किनाऱ्याला लागते. माणसं पश्चिमेला, माती पूर्वेला. माणसं निदान दिवाळीला येतात.

आमचा जिल्हा तसा दोन्ही समुद्रांशी संबंध राखून आहे. घाटाखालचं पाणी पूर्णेतून तापीत आणि तापीतून सुरतेकडे जातं. घाटावरचं बरंचसं पैनगंगेच्या वाटेने पूर्वेला. म्हणजे एका गावच्या पागोळ्या अरबी समुद्रात आणि शेजारच्या गावच्या बंगालच्या उपसागरात, असं इथे सर्रास घडतं. एकाच जिल्हा परिषदेत दोन महासागरी धोरणं आहेत, आणि अजून त्यावर एकही मोर्चा निघालेला नाही.

मातीच्या जाण्याचं आम्हाला दुःख नाही असं नाही. पण ते आम्ही वेगळ्या खात्यात मांडतो. धुऱ्यावरून शेजाऱ्याने वखराचं एक पातं इकडे सरकवलं तर ते प्रकरण मोजणीपर्यंत, मोजणीतून तहसिलीपर्यंत आणि तिथून पुढच्या पिढीपर्यंत जातं. वीतभर धुऱ्यासाठी दोन घरांमधली लग्नाची बोलणी मोडलेली मी पाहिली आहेत. आणि त्याच वावराच्या वरच्या अंगाने जुलैतल्या एका पावसात जी काळी वाहून जाते, तिला आम्ही ‘पाणी बरं झालं’ म्हणतो. फारच गेली तर पंचनाम्यात ‘जमीन खरडून गेली’ असं लिहून येतं. शेजाऱ्याविरुद्ध दावा लावता येतो, पावसाविरुद्ध फक्त अर्ज करता येतो.

गेलेल्या मातीसारखा आलेल्या मातीचाही हिशेब सरकारदरबारी आहे. पुरानंतर शेतात गाळ साचला तर तो काढायला मदत मिळते, पण गाळाचा थर तीन इंचांपेक्षा जाड पाहिजे आणि तसा दाखला पाहिजे. अडीच इंच गाळ ही आपत्ती नव्हे, तो निसर्गक्रम. मला हा नियम फार आवडतो. कारण आमची माती जिथे जाऊन पडते त्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, जमिनीखाली आणि समुद्राखाली मिळून, गाळाच्या थरांची जाडी काही किलोमीटर आहे. तिथे पंचनाम्याला जाणारा कर्मचारी टेप घेऊन किती खाली उतरेल, याची मला काळजी वाटते. त्याच थरांमध्ये २००२ साली नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला आणि त्या वायूवरून देशात काय काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. मूळ माल वरच्या अंगाच्या गावांनी पाठवला होता, हे मात्र कुठल्याही निवाड्यात आलं नाही.

मातीचा हा प्रवास एका चालीचा नसतो. गोटे पहिल्याच वळणावर बसतात. जाड वाळू थोडी पुढे जाते आणि अलीकडे बहुधा रात्रीच्या ट्रॅक्टरने परत वर येते. राहते ती चिकणमाती, आमच्या काळीचा खरा जीव. तिचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक, आणि आकाराने चपटा. असे कण गोड्या पाण्यात खाली बसायलाच तयार नसतात. त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून एक कण दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. अगदी धुऱ्यावरून बिघडलेले भाऊबंदच: एकाच बापाचे, एकाच वाटेने निघालेले, पण शेजारी बसायचं म्हटलं की दोघंही उठून जाणार. शेकडो किलोमीटर ते असेच अधांतरी, एकमेकांना टाळत जातात. पैनगंगेचं पाणी भाद्रपदापर्यंत चहासारखं दिसतं ते या अबोल्यामुळे.

हा अबोला खाडीत सुटतो. नदीच्या मुखाशी समुद्राचं खारं पाणी आत चढून येतं आणि गोड्या पाण्यात मिसळतं. मिठातले धन भार त्या चपट्या कणांच्या ऋण भाराला निष्प्रभ करतात. आता कण एकमेकांवर आपटले तर चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होतात आणि बसतात. मीठ खाल्ल्यावर माणसं कशी वागतात याबद्दल आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे. मातीच्या बाबतीत ती प्रयोगशाळेतही टिकते. नाल्याचं गढूळ पाणी दोन पेल्यांत घ्यावं, एकात चिमूटभर मीठ ढवळावं आणि जेवून यावं. परत येईपर्यंत मिठाच्या पेल्यातलं पाणी वरून निवळू लागलेलं असतं, आणि दुसरा पेला तसाच कुढत असतो. शाळेत हा प्रयोग दाखवला तेव्हा एका मुलाने विचारलं, ‘‘सर, आमच्या घरच्यांवर चालंल का?’’ त्याच्या घरचं प्रकरण मला ठाऊक होतं. मी फळ्याकडे वळलो.

मी खाडी पहिल्यांदा नीट पाहिली ती दाभोळला. वाशिष्ठीच्या मुखावर, धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभा होतो आणि ओहोटी लागली होती. आमच्याकडे पाणी एकदा गेलं की पुढच्या मृगापर्यंत येत नाही. इथे ते दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा येतं, आणि त्याची कोणाला काडीची फिकीर नाही, याचा मला थोडा रागच आला. पाणी उतरलं तसा काठचा चिखल उघडा पडला. जिथे पाण्याने त्याला कापून उभी कड केली होती, तिथे कडेवर बारीक रेघा दिसत होत्या. फिकट, गडद, फिकट, गडद. शेजारी एक बाई पाटी घेऊन उभी होती. मी चिखलाकडे इतका वेळ का बघतोय याचा तिला अंदाज येईना. शेवटी ती म्हणाली, ‘‘काय पडलं काय तुमचं?’’

त्या रेघांचं काम असं चालतं. भरतीचं पाणी जोरात आत येतं, तेव्हा ते वाळूचे कण ओढून आणतं. पाणी पूर्ण चढलं की थोडा वेळ थबकतं. त्या थबकण्यात चिकणमातीच्या पुंजक्यांना बसायला फुरसत मिळते. ओहोटीला पुन्हा वाळू, मग पुन्हा थबकणं, पुन्हा चिखलाची पातळ साय. असं वाळू-चिखल, वाळू-चिखल. आता भरती सगळे दिवस सारखी नसते, हे कोकणात पोराटोरांना ठाऊक. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणाला थर जाड पडतो, भांगाला पातळ. तेव्हा चांगली जागा सापडली तर चिखलात अख्खा पंधरवडा मोजता येतो. एकादशी कुठली ते सांगता येणार नाही, पण पौर्णिमा बोट ठेवून दाखवता येईल.

आणि तो चिखल दगड झाला तरी ही मोजदाद टिकू शकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात एलाटिना नावाचा खडक आहे, सुमारे ६२ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले भरती-ओहोटीचे थर मोजून भूशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी हिशेब मांडला की तेव्हा वर्षात सुमारे ४०० दिवस होते आणि दिवस जेमतेम २२ तासांचा होता. भरती-ओहोटीच्या ओढीने पृथ्वी हळूहळू मंदावते आणि चंद्र लांब सरकत जातो, त्याची ही जुनी नोंद. मी हे गावात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला की बावीस तासांत थ्री-फेज लाईन किती तास मिळत असेल. दुसरा प्रश्न पगाराचा होता, तो शिक्षकांकडूनच आला.

अर्थात असे थर सापडणं हा नियम नव्हे, नवल आहे. खाडीच्या चिखलात राहणारी मंडळी फार. कुर्ल्या बिळं करतात, किडे वरचं खाली आणि खालचं वर करतात, निवट्या चिखलावर फतकल मारून बसतात आणि मनात आलं की शेपटीने उडी मारतात. कालची रेघ आज संध्याकाळपर्यंत राहील याची खात्री नाही. कुर्ल्यांच्या तावडीतून सुटलं तर पावसाळी पूर येतो आणि एका रात्रीत वर्षभराचा चिखल खरवडून समुद्रात नेतो. नदीच आणते, नदीच नेते. त्यातून जे उरतं ते उरायला लायक होतं म्हणून उरतं, असं मुळीच नाही. घाईघाईने वर दुसरा गाळ पडला, खालची जमीन थोडी खचली, आणि पुढे कोणी उकरायला आलं नाही, इतकंच त्याचं पुण्य. खडकाच्या थरांकडे बघून आपण ‘पृथ्वीचा इतिहास’ म्हणतो तेव्हा मला त्यातल्या न उरलेल्या दिवसांची फार आठवण येते. दोन थरांमधली ती केसाएवढी रेघ, तिच्यात कधी कधी हजारो वर्षं गेलेली असतात. मोर्चे, लग्नं, दुष्काळ, धुऱ्याचे दावे, सगळं त्या रेघेत.

आमचं डोणगाव या दृष्टीने अगदी गैरसोयीच्या ठिकाणी आहे. उंचावर आहे. उंचावरच्या जागा झिजतात, त्यांची नोंद त्यांच्याजवळ राहत नाही. ती खोलगट जागी जाऊन पडते. शेजारच्या लोणारला आकाशातून दगड पडला आणि पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. तो केव्हा पडला याबद्दल अजून एकमत नाही. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. पण खड्डा झाल्यापासून आजूबाजूची माती त्यात निमूटपणे जमते आहे. १९७० च्या दशकात तळाला भोकं पाडली तेव्हा सुमारे शंभर मीटर गाळाखाली फुटका बेसॉल्ट लागला. पुढे तिथल्याच दहा मीटर गाळाच्या नळकांड्यातून गेल्या अकरा हजार वर्षांचा पावसाचा ताळेबंद वाचला गेला, मधल्या लांबलचक दुष्काळांसकट. तो शोधनिबंध २०१४ सालचा. त्यात आमच्या गावचे दुष्काळही आलेच, पण ते लोणारच्या नावावर चढले. जून २०२० मध्ये ते तळं गुलाबी झालं तेव्हा तर आमच्याकडचे पाहुणेही डोणगावात चहा घेऊन तिकडेच गेले.

घाटाखालची गोष्ट आणखी मजेची. पूर्णेचं खोरं हा खचलेला पट्टा आहे आणि त्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ भरलेला आहे. तिथल्या विहिरी खाऱ्या, म्हणून तो खारपाणपट्टा. शेगाव-संग्रामपूरकडे कोणालाही विचारा, तो सांगेल की पूर्वी इथे समुद्र होता, त्याचंच हे मीठ. भूशास्त्रज्ञ इतके उदार नाहीत. ते म्हणतात, खोरं बंदिस्त, निचरा मंद, ऊन कडक. पाणी उडून जायचं आणि क्षार मागे राहायचे, असं हजारो वर्षं चाललं. मला विचाराल तर मन समुद्राच्या बाजूने आणि मत भूशास्त्रज्ञांच्या. मात्र त्या मिठाने एकदा समुद्राची बदली केली हे खरं. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा अकोल्याच्या मंडळींपुढे प्रश्न होता की समुद्र आणायचा कुठून. त्यांनी दहीहंडा गाठलं, तिथल्या खाऱ्या विहिरीचं पाणी आटवलं आणि कायदा रीतसर मोडला.

आणि तरीही, समुद्र आपल्याकडे फिरकलाच नव्हता असं म्हणायचीही सोय नाही. नागपूरच्या पलीकडे छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथे बेसॉल्टच्या दोन थरांच्या मध्ये गाळाचा एक थर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. त्यात गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं मिळाली. गोड्या पाण्यातल्या जीवांच्या शेजारीच. गोडं आणि खारं शेजारी म्हणजे खाडी. नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून समुद्राचा एक फाटा इतका आत आला असावा, असं त्यांनी २००९ मध्ये मांडलं. भारताच्या ऐन मध्यावर खाडी! हे ऐकून आमचे शेजारच्या वावराचे काका म्हणाले, ‘‘छिंदवाड्यापर्यंत आला अन् आपल्याकडं वळला नाही. सगळ्या योजनांचं असंच हाय.’’

तेव्हा आपल्याकडे दुसरंच काही चाललं होतं. जमीन फाटून लाव्हा बाहेर येत होता, थरावर थर, मध्ये काही काळ विश्रांती. विश्रांतीत तळी साचायची, त्यांत गोगलगायी नांदायच्या, तळाशी गाळ बसायचा, आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळ्यावर झाकण घालायचा. नागपूरजवळ टाकळीला असे थर स्टीफन हिस्लॉप यांनी पाहिले. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले होते; शिकवायचं आणि धर्म सांगायचं काम सांभाळून दगड फोडत हिंडायचे. त्यांचं नाव नागपुरात कॉलेजामुळे राहिलं, पण भूशास्त्रात ते गोगलगायींमुळे आहे. १८६० साली त्यांनी लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात जो लेख लिहिला, त्यात नागपूरच्या शंखांबरोबर थेट राजमहेंद्रीच्या शंखांचंही वर्णन होतं. नागपूर कुठे, राजमहेंद्री कुठे! पण त्यांना दिसलं होतं की तिथेही हाच काळा दगड आहे आणि तिथेही दगडाच्या मध्ये गाळ आहे. फरक एवढाच की नागपूरचे शंख तळ्यातले आणि राजमहेंद्रीचे समुद्राचे, खाडीचे. तीनच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. वय ४५.

राजमहेंद्रीचा तो काळा दगड मुख्य दख्खनी बेसॉल्टपासून कित्येकशे किलोमीटर तुटलेला, एकटाच आहे. बरीच वर्षं वाद होता की हा तिथे आला कुठून. अलीकडे रसायनं जुळवून पाहिली तर तो सह्याद्रीकडच्या, महाबळेश्वर-आंबेनळीच्या थरांचा सख्खा निघाला. म्हणजे लाव्हा त्या काळच्या नद्यांची पात्रं धरून हजारभर किलोमीटर पूर्वेला वाहत गेला आणि खाडीत जाऊन उतरला. एक लोट गेला, त्यावर खाडीने आपला चिखल पसरला, शंख राहायला आले. मग दुसरा लोट आला. जगातल्या सगळ्यात लांब गेलेल्या लाव्ह्यांत याची गणना होते. आणि वाट साधारण तीच, जी आता आमची माती धरते. तेव्हा दगड होण्याआधी गेला, आता दगडाची माती होऊन जाते. या मुलखाचा ओढा पहिल्यापासूनच तिकडे आहे. पुण्याची ट्रॅव्हल्स ही फार अलीकडची गोष्ट.

आता मात्र त्या वाटेवर टोलनाके बसले आहेत. मेहकर तालुक्यातच पेनटाकळीचं धरण, पुढे इसापूर, त्याच्या पुढे आणखी किती तरी. आमची माती पहिल्याच नाक्यावर उतरते. आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की १९७० च्या दशकाच्या मानाने १९९० च्या दशकात गोदावरीचा गाळ निम्म्याहून कमी उरला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खातो आहे. खाडीला रोजचा चिखल लागतो. तो थांबला की खालची जमीन खचायची काही थांबत नाही. काकिनाड्याजवळ उप्पाडा गावची घरं समुद्र एकेक करून घेतो.

इकडे २०१७ पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की पोकलेन उतरतो आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. मूळ करार साधा: गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याची. काकांनी गेल्या उन्हाळ्यात आपल्या बरड तुकड्यावर गाळ टाकला. त्यातला निम्मा माझ्याच वावरातून वाहून तलावात गेला होता, असं माझं मत आहे. ते मी धुऱ्याची शांतता राखण्यासाठी बोललो नाही. त्याऐवजी त्यांना उप्पाड्याची हकिगत सांगितली. म्हटलं, काका, आपण इथे गाळ अडवला, पुन्हा वर आणून पसरला, आणि तिकडे समुद्राच्या काठी त्याच गाळावाचून लोकांची घरं चालली आहेत.

काका ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसले होते. त्यांनी तंबाखू मळली, अर्धी मला दिली आणि म्हणाले, ‘‘मंग त्याईनं बी ट्रॅक्टर आनावा नं. गाळाले कोनी पैसे घेत नाही. भाडं ज्याचं त्यानं द्याचं.’’